दत्तक पालकांचेही मन जपू या

बारामती असो वा इंदापूर, दत्तक बाळाचे घरी आगमन झाले की पेढे वाटले जातात, मंदिरात दर्शन होते आणि आप्तेष्ट एकमुखाने म्हणतात, “फार मोठे पुण्य केलेत!” या उद्गारामागील भावना निर्मळच असते. परंतु ज्यांनी पुण्य केले, त्यांनी थकल्याचे सांगावे तरी कोणाला?

अपत्याची दीर्घ प्रतीक्षा, उपचारांचा शीण आणि त्यानंतर ‘कारा’च्या यादीतील वाट पाहणे, एवढे सोसून हे दांपत्य आई-बाबा होते. बाळाला मात्र संस्थेतील मावशींचा स्पर्श ओळखीचा असतो. ते रात्रभर रडते, नव्या आईच्या कुशीत विसावत नाही. जन्मदात्रीला माहेर आणि सव्वा महिन्याची विश्रांती मिळते. दत्तक मातेच्या वाट्याला दुसऱ्याच दिवशी संसार आणि पाहुणे येतात. मग ‘मला माया का वाटत नाही?’ हा प्रश्न तिला पोखरू लागतो. अमेरिकेतील जून बाँड यांनी १९९५ मध्ये या अवस्थेला ‘दत्तकोत्तर नैराश्य’ असे नाव दिले. ती पित्यालाही येऊ शकते. हा मायेचा अभाव नव्हे. आधाराने आणि उपचाराने ती ओसरते.

बँकेतील माझ्या सेवाकाळात कर्जवाटपानंतरची पाहणी म्हटली की खातेदार धास्तावत. दत्तक पालकही समाजकार्यकर्त्यांच्या भेटीकडे तसेच पाहतात. घर आवरून, चेहऱ्यावर हसू आणून ‘सर्व उत्तम’ असे सांगतात. वस्तुतः २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी होणारी ही भेट केवळ तपासणी नाही. मूल व पालक यांचे सूर जुळत नसतील, तर समुपदेशनाची व्यवस्था करणे हे यंत्रणेचे कर्तव्य आहे. म्हणून त्या दिवशी खरे सांगावे.

नात्यातील मूल १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यान्वये घेतले जाते, तेव्हा अशी भेट होत नाही. हा कायदा जैनांनाही लागू असल्याने आपल्या समाजातील अशा पालकांनी मदत स्वतःहून मागावी. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील मानसोपचार तज्ज्ञांचा सल्ला घेता येईल. पुण्यात ससूनच्या आवारातील ‘सोफोश’चे श्रीवत्स आणि भारतीय समाज सेवा केंद्र या संस्थांनी दत्तक कार्यात अनेक दशके घालविली आहेत. जिच्याकडून मूल घरी आले, त्या संस्थेशीही संबंध तोडू नये.

आणि आपण? साधर्मिक वात्सल्य केवळ भोजनापुरते नसते. अशा घरी डबा पोहोचवावा, दोन तास बाळाला सांभाळून त्या मातेला झोपू द्यावे. “खरी आई कोण?” असे कुतूहलानेही विचारू नये. पुण्याचा उच्चार थोडा कमी करून “तुम्ही कशा आहात?” एवढेच विचारावे आणि उत्तर ऐकण्यासाठी थांबावे.