आधी सुई निवडा, मग टाका घाला

आमचं आजोळ मन्नाएखेळ्ळीचं. हैदराबाद-सोलापूर महामार्गावरचं बीदर जिल्ह्यातलं गाव. घरात मराठी, बाजारात कानडी. पोती शिवायच्या जाड सुईला आजी 'दाभण' म्हणायची, तर शेजारच्या अव्वा 'दब्बण'. उन्हाळ्यात ओसरीवर वाकळ पसरली, की सुईत दोरा ओवायचं काम आम्हा नातवंडांचं.

आजोबांच्या मागे त्यांची चामडी पिशवी माझ्याकडे आली. तिचा पट्टा उसवला होता. आजीच्या डब्यातल्या दोन बारीक सुया मी त्यात मोडल्या. मग चामड्याची तिधारी सुई आणली आणि शिवण पक्की व्हावी म्हणून अगदी जवळजवळ टाके घातले. आठ दिवसांत पट्टा टाक्यांच्या रेषेवरच फाटला, पोस्टाच्या तिकिटासारखा!

बस स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांना तो दाखवला. ते हसून म्हणाले, "कापडात सुई वाट काढते, चामड्यात भोक पाडते. आणि ते भोक पुन्हा बुजत नाही." सुई निवडण्याचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं.

कापडासाठी गोल, अणकुचीदार टोकाची सुई घ्यावी. ती धागे न तोडता बाजूला सारते. सुईचा नंबर जितका मोठा, तितकी ती बारीक. मलमलीला साधारण 10 नंबर, जीन्ससारख्या जाड कापडाला 3 ते 5. वाकळीच्या धावदोऱ्याला लांब सुई बरी. एका दमात चार-पाच टाके भरता येतात.

तिधारी सुई पातळ, मऊ चामड्यासाठी. कापडाला ती लावू नका, धागेच कापले जातील. जाड चामड्याला आधी आरीने 3-4 मिलिमीटर अंतरावर भोकं पाडायची. मग मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई ओवून, दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून काढायची. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो.

विकत घेताना सुई काचेवर घरंगळवून पाहा; वाकडी असेल तर अडखळते. नेढ्यातून दोरा पुढे-मागे ओढा. तो पिंजला, तर नेढं खरखरीत आहे. टोक कापडात अडकलं, तर ती सुई नको. घरी सुया कोरड्या फलाणीत टोचून ठेवा, गंज लागत नाही. जाड कापड शिवताना बोटात अंगुस्तान हवंच.

पट्ट्याचा फाटलेला भाग काकांनी कापून टाकला आणि नवा तुकडा जोडायला माझ्याच हातात आरी दिली. ती पिशवी आज माझी मुलगी कॉलेजला नेते. पट्टा चार बोटं नवा आहे, बाकीचा आजोबांचाच.

तुमच्याही घरात आजीची एखादी वाकळ, आजोबांची पिशवी असेल. ती टाकून देण्याआधी एकदा नीट पाहा. कदाचित तिला फक्त योग्य सुई हवी असेल.