पाया खोदण्याआधीचे दीड वर्ष

निवृत्तीनंतर लातूरला मनाजोगते घर बांधावे, ही इच्छा मी बँकेच्या नोकरीत पस्तीस वर्षे उराशी बाळगली होती. बदलीच्या गावोगावी भाड्याच्या घरांत संसार मांडला आणि आवरला. गृहकर्जाच्या असंख्य प्रकरणांवर सह्या केल्या. मात्र स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा जागा पाहण्यापासून पाया खोदण्यापर्यंत दीड वर्ष गेले. "अजून कुदळ पडली नाही का?" असे शेजारी विचारीत. त्या दीड वर्षाचा हा वृत्तान्त घर बांधू इच्छिणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडावा.

पहिला भूखंड पाहताक्षणी आवडला. पूर्वेला रुंद रस्ता, मागे कडुनिंबाचे जुने झाड. इसाराची रक्कमही ठरली. इतरांच्या कागदपत्रांतील त्रुटी शोधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या मी सातबाऱ्याचा ताजा उतारा मागवला तो पत्नीने दोनदा आठवण करून दिल्यानंतर! 'इतर हक्क' या रकान्यात विक्रेत्याच्या दोन बहिणींची नावे होती आणि त्यांचे हक्कसोडपत्र कोठेच नव्हते. व्यवहार तेथेच थांबला. दुसऱ्या भूखंडासाठी वकिलांकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेतला, फेरफार नोंदी एकेक करून जुळवल्या आणि अकृषिक आदेश व मंजूर रेखांकनाची प्रत हाती आल्यावरच पैसे दिले. सातबारा हा मूलतः महसुली अभिलेख आहे. त्यावर नाव असले म्हणजे मालकी निर्विवाद ठरली, असा समज सुशिक्षितांतही आढळतो.

खरा वाद त्यानंतर घरातच उभा राहिला. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला दुमजली उंचीची बैठक हवी होती. मलाही, खोटे कशाला बोलू, आल्यागेल्याच्या नजरेत भरेल अशी वास्तू हवी होती. नकाशात पाच शयनगृहे आली. पत्नीने तो शांतपणे पाहिला आणि म्हणाली, "अहो, यातल्या किती खोल्यांत रोज रात्री माणूस झोपणार आहे? आणि झाडणार कोण?"

या प्रश्नाने मला एकदम १९९३ साल आठवले. त्या वर्षी मी औसा तालुक्यातील एका शाखेत होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन उरकून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. जवळपास ८ हजार माणसे गेली, ती मुख्यत्वे स्वतःच्याच घरांखाली दबून. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर माळवद. गळती थांबावी म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेलेले. जे वैभवाचे आणि मजबुतीचे लक्षण मानले जाई, तेच वजन अंगावर कोसळले.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५०. एवढ्या मोठ्या आपत्तीत प्रशासनाला कोणता तरी निकष लावणे भागच होते, हे मी जाणतो. तरीही सात-आठ माणसांचे भूमिहीन कुटुंब २५० चौरस फुटांत आणि दोघेच वृद्ध ७५० चौरस फुटांत, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत. घर माणसे मोजून नव्हे, ऐपत मोजून दिले गेले, अशी खंत तेव्हा मी सहकाऱ्यांपाशी बोलून दाखवीत असे. आता माझ्या स्वतःच्या नकाशात वेगळे काय होते?

नकाशा बदलला. तळमजल्यावर दोन शयनगृहे, पाहुण्यांसाठी एक खोली, माजघराएवढे ऐसपैस स्वयंपाकघर. आमच्या खोलीला लागून उंबरठा नसलेले स्नानगृह आणि चाकांची खुर्ची जाईल असा तीन फुटी दरवाजा. मुलाचा मजला पुढे कधी तरी होईल. परंतु पाया व कॉलम आजच त्या भाराचे हवेत, हे अभियंत्याला आरंभीच सांगितले. नंतर सुचलेला मजला जुना पाया पेलेलच असे नाही.

आपल्याकडील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर टेकलेल्या भिंतींना तडे देते. म्हणून आराखड्यापूर्वी भूखंडाच्या दोन टोकांना चाचणी खड्डे घेतले. एकीकडे साडेपाच फुटांवर मुरूम लागला, दुसरीकडे साडेसात. पाया सर्वत्र मुरमापर्यंत न्यावा, प्लिंथ बीमने सारे कॉलम बांधून घ्यावेत आणि जोत्यात निघालेली काळी माती पुन्हा न भरता मुरूमच भरावा, असे ठरले. भूकंपापूर्वी हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जाई. २००२ च्या सुधारित मानकात किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. काँक्रीटचे घर म्हणजे सुरक्षित घर, हा भ्रम मात्र टाकावा. कॉलमच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळलेली हवीत, बीमच्या सांध्याजवळ रिंगा दाट हव्यात. काम सोपे म्हणून ती टोके काटकोनातच वळवून सोडण्याची सवय फार आहे. आम्ही हा तपशील सिमेंट व सळईच्या प्रतीसह ठेकेदाराच्या लेखी करारात घातला. तो हसला, पण सही केली.

पाण्याविषयी लातूरकराला वेगळे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे आली तेव्हा पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातील वीस टक्के वाया गेला, तरी सुमारे ५५ हजार लिटर पाणी हाती लागते. आमच्या आराखड्यात दिवाणखान्याच्या आधी भूमिगत टाकीची जागा ठरली.

पैशाचे थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या कमाल ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्केच रक्कम मिळू शकते, उरलेले स्वतःचे. बांधकामासाठी कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते, त्यामुळे हप्ता येण्याआधी काम पुढे न्यायला हाती रोकड लागते. अंदाजपत्रकावर पंधरा टक्के अधिक रक्कम मी बाजूला ठेवली आणि उपदानाच्या रकमेतील अर्ध्या ठेवींना हात लावायचा नाही, असे पत्नीला वचन दिले. ठेवीच्या पावत्या तिच्याच कपाटात आहेत.

अक्षय्य तृतीयेनंतरच्या सोमवारी खोदकाम सुरू झाले. सुट्टी काढून आलेला मुलगा खड्ड्याच्या काठावर टेप धरून उभा होता. ईशान्येच्या कोपऱ्यात साडेसात फूट झाले तरी काळीच माती निघत होती. ठेकेदार म्हणाला, "साहेब, इथेच थांबू, काय फरक पडतोय?" मी काही बोलण्याआधी मुलानेच मान हलवली. आणखी सव्वा फुटावर कुदळ खणकन वाजली आणि पिवळसर मुरूम वर आला.