काढ्याने ब्लॉकेज का धुतले जात नाहीत

लिंबू, आलं आणि लसणाचा रस, त्यात ॲपल सायडर व्हिनेगर. उकळून, मध घालून रोज सकाळी अनशापोटी घ्या. महिनाभरात हृदयाचे सगळे ब्लॉकेज साफ! हा संदेश व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यावर विसंबून लोक अँजिओग्राफी पुढे ढकलतात, गोळ्या बंद करतात, म्हणून त्याची चीड येते.

धमनी म्हणजे पाण्याचा नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात बसलेला गाळ, या समजुतीवर हा संदेश उभा आहे. मुळात ही समजूतच चुकीची आहे.

धमनीची भिंत जिवंत असते आणि तिला तीन थर असतात. सर्वांत आत, रक्ताला लागून, एंडोथेलियम हे जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर. मधला थर स्नायूंचा आणि लवचीक तंतूंचा, बाहेरचा चिवट कोलॅजेनचा. महाधमनीची भिंत सुमारे २ मिलिमीटर जाड असते. इतकी, की तिच्या बाहेरच्या भागाला रक्त पुरवायला वेगळ्या बारीक रक्तवाहिन्या लागतात. आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्याने मधले स्नायू सैल पडतात आणि धमनी रुंदावते. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. नळाला यातलं काही जमतं का?

रक्तातले कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण हे अस्तर ओलांडून त्याच्याखाली अडकतात. पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, मधल्या थरातल्या स्नायूपेशी तिथे सरकतात, वर तंतूंचं आवरण तयार होतं, पुढे कॅल्शियमही साचतं. म्हणजे ब्लॉकेज भिंतीच्या पृष्ठभागावर नसतो, भिंतीत असतो. भिंतीत मुरलेली ओल वरून फडकं मारून जात नाही, तसंच हे. काढा तर पोटात जाऊन पचतो. आणि तंतू, कॅल्शियम विरघळवण्याइतकं जहाल काही रक्तात उतरलंच, तर ते आधी एका पेशीच्या अस्तराचा फडशा पाडेल!

औषधांनीही हा साठा धुतला जात नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्टेरॉइड’ या अभ्यासात रुग्णांना रोझुव्हास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या औषधाचा रोज ४० मिलिग्रॅमचा भारी डोस दोन वर्षं दिला, तेव्हा भिंतीतल्या साठ्याचं प्रमाण सरासरी सुमारे एका टक्क्यानेच उतरलं. तरीही स्टॅटिन जीव वाचवतं, कारण ते साठ्यावरचं आवरण फाटण्याचा धोका कमी करतं. आवरण फाटलं की तिथे गुठळी धरते, आणि बहुतेक हार्ट अटॅक असेच येतात.

‘मला धाप लागत नाही, म्हणजे धमन्या स्वच्छ,’ हेही खरं नाही. संशोधक ग्लॅगोव्ह यांनी १९८७ साली दाखवून दिलं की साठा वाढतो तशी धमनी बाहेरच्या बाजूला फुगते; त्याने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत आतली वाट फारशी अरुंद होत नाही.

स्टेंट टाकल्यावर ब्लॉकेज निघून जातो? नाही, तो भिंतीकडे दाबला जातो. बाकीची भिंत होती तशीच राहते, म्हणून गोळ्या सुरूच ठेवायच्या.

रक्तवाहिन्यांबद्दलचे आणखी काही गैरसमजही असेच फिरतात. शिरांमध्ये निळं रक्त असतं? ते गडद लाल असतं. निळेपणा त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशाचा.

धमनीत नेहमी शुद्ध रक्त असतं? हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत प्राणवायू कमीच असतो.

शिरांची भिंत पातळ, म्हणून ती दुबळी? तिथे दाबच कमी असतो. शरीरातलं निम्म्याहून जास्त रक्त एरवी शिरांमध्येच असतं आणि बायपासमध्ये पायाची शीर हृदयावर बसवली की तिची भिंत वाढत्या दाबाने जाड होते.

लसूण, लिंबू जेवणात खुशाल खा. पण डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका आणि छातीत दाब येऊन घाम फुटला तर काढा उकळत बसू नका, १०८ला फोन लावा.