मध्यवर्ती निद्राश्वसनरोध : स्वरूप व निदान

निद्रेत किमान १० सेकंद श्वास थांबणे म्हणजे निद्राश्वसनरोध होय. त्याच्या अवरोधी प्रकारात घसा आकुंचन पावतो. परंतु छाती व पोटाची धडपड सुरूच असते. मध्यवर्ती प्रकारात मात्र मस्तिष्कस्तंभातील श्वसनकेंद्राकडून आज्ञाच येत नाही. त्यामुळे छातीही स्तब्ध राहते.

हृदय दुर्बल असल्यास रक्ताभिसरण मंदावते आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाची सूचना केंद्रास विलंबाने मिळते. परिणामी श्वास क्रमाने वाढतो, ओसरतो व थांबतो. हे चक्र जॉन चेन यांनी १८१८ मध्ये, तर विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये वर्णिले. पक्षाघात व अफूजन्य वेदनाशामके हीही या विकाराची कारणे होत.

प्रकारभेद ओळखणे अत्यावश्यक आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सर्व्ह-एचएफ’ चाचणीत, हृदयाची आकुंचनक्षमता घटलेल्या अशा रुग्णांमध्ये श्वासानुसार दाब बदलणाऱ्या यंत्राच्या वापराने हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचे आढळले.

घोरणे नसल्यास हा विकार दुर्लक्षित राहतो. म्हणूनच चौसाळ्यासारख्या गावात, निद्रालेखन चाचणीपूर्वी, श्वास थांबताना छाती हलते की नाही, हे घरच्यांनी पाहून डॉक्टरांना सांगणे मोलाचे ठरते. अंतिम निदान मात्र चाचणीनेच होते.