पिन बसली म्हणजे वीज जुळली असे नव्हे

आमचा एक चुलतभाऊ अमेरिकेत असतो. मागे तो गावी आला तेव्हा अम्मींसाठी गुडघे शेकायचे हीटिंग पॅड घेऊन आला. थंडीचे दिवस, अम्मींचे गुडघे दुखरे, त्यामुळे भेट सगळ्यांनाच आवडली. अडचण एवढीच होती की पॅडच्या वायरीला दोन चपट्या पिना होत्या आणि आपल्या बोर्डाला गोल भोके. बाजारातून चाळीस रुपयांचे अॅडॉप्टर आणले. चपट्या पिना त्यात बसल्या, अॅडॉप्टर बोर्डात बसले. "बसले की!" म्हणून आम्ही खूश झालो.

अम्मी गुडघ्यावर पॅड ठेवून तस्बीह घेऊन बसल्या. पाच मिनिटे झाली नसतील, खोलीत रबर जळाल्याचा वास आला आणि अम्मी ओरडल्या. आम्ही धावत जाऊन बटण बंद केले. दुपट्ट्याची घडी मधे होती म्हणून बरे, नाहीतर काय झाले असते कोण जाणे. गुडघ्यावर रुपयाएवढा फोड आला. पॅड थंड झाल्यावर उलटून पाहिले, तर मागे स्पष्ट छापले होते: १२० व्होल्ट. घरात शिकलेली इतकी माणसे, पण ती एक ओळ कोणी वाचली नव्हती.

ही गोष्ट अम्मी विसरल्या नाहीत. काही महिन्यांनी अल्लाहच्या कृपेने आम्हा चौघांचे उमऱ्याला जायचे ठरले. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिचा प्रोजेक्ट रिपोर्ट पाठवण्याची शेवटची तारीख नेमकी मक्केतल्या मुक्कामात येत होती. लॅपटॉप नेणे भाग होते. अम्मींनी सरळ सांगितले, "तिकडची लाईट वेगळी. माझा गुडघा भाजलात तेवढे पुरे झाले, आता पोरीचा लॅपटॉप जाळू नका."

आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून बसून नीट समजून घेतले. आज आपल्यातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी कुवेत, मस्कत, दुबई किंवा लंडनला असते. ज्यांचे कोणी नसते, तेही एकदा तरी उमऱ्याला जायची दुआ करतात. म्हणून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

लिपी वेगळी, भाषा वेगळी

परदेशातल्या विजेबद्दल दोन प्रश्न असतात आणि आपण ते एकच समजतो. पहिला प्रश्न पिनेचा: आपला प्लग तिथल्या भोकात बसेल का? दुसरा व्होल्टेजचा: तिथली वीज आपल्या वस्तूला सोसेल का?

आम्ही मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून आम्हाला सुचते ते उदाहरण भाषेचेच. मराठी वाक्य उर्दू लिपीत लिहिले तर ते उर्दू होत नाही, मराठीच राहते. अॅडॉप्टर फक्त लिपी बदलते. भाषा, म्हणजे व्होल्टेज, तीच राहते. अम्मींच्या पॅडचे हेच झाले. चाळीस रुपयांच्या अॅडॉप्टरने अमेरिकन पिनेला आपल्या बोर्डात जागा करून दिली, पण बोर्डातून वीज आली ती २३० व्होल्टची.

आता हिशेब पाहा. अशा शेकण्याच्या वस्तूत तापणारी तार असते. व्होल्टेज दुप्पट झाले की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. १२० व्होल्टची वस्तू २३० वर लावली की साडेतीन पटींहून अधिक तापते. उलट बाजूने, आपली इस्त्री अमेरिकेत नेली तर ती जळत नाही, पण जेमतेम पाव हिश्शाने तापते आणि कपड्याची सुरकुती जात नाही.

कुठे काय आहे

आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची वीज आहे. ब्रिटन, युरोप आणि तुर्कस्तानातही तेच. अमिराती, कुवेत, ओमान, मलेशिया इथे २२० ते २४० च्या दरम्यान. म्हणजे या देशांत जाताना व्होल्टेजची चिंता जवळपास नाही, प्रश्न फक्त पिनेचा. अमेरिका आणि कॅनडात मात्र १२० व्होल्ट आणि जपानमध्ये १००. तिथे दोन्ही प्रश्न उभे राहतात.

सौदी अरबस्तानची कथा थोडी वेगळी. तिथे पूर्वी पुष्कळ घरांत १२७ व्होल्टची वीज होती आणि अमेरिकन पद्धतीच्या चपट्या पिना वापरात होत्या. नंतर तो देश २३० व्होल्टकडे वळला आणि ब्रिटिश पद्धतीची तीन चौकोनी भोके आली. हर्ट्झ मात्र ६०. जुन्या इमारतीत अजूनही चपटी भोके दिसली तर नवल नको. तिथे काही लावण्याआधी विचारून घ्यावे.

पिनेचीही एक गंमत आहे. आपला तीन गोल पिनांचा प्लग मूळचा इंग्रजांचा. त्यांनी तो इथे रुजवला आणि स्वतः १९४७ नंतर चौकोनी पिनांच्या नव्या प्लगकडे गेले. त्या नव्या प्लगच्या पोटात एक छोटा फ्यूज असतो. वायरीत बिघाड झाला तर आधी तो उडतो. शिवाय भिंतीतल्या भोकांना आतून पडदा असतो. वरची लांब पिन आत गेल्याशिवाय खालची दोन भोके उघडत नाहीत. लहान मुलाने खिळा किंवा तार घालू नये म्हणून ही सोय.

ठोकळ्यावरची ती एक ओळ

आता लॅपटॉपकडे येऊ. चार्जरच्या मधला काळा ठोकळा उलटा करा. बारीक अक्षरांत इनपुट शब्दापुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले असेल, तर तो चार्जर अमेरिका, जपान, सौदी, लंडन, कुठेही चालेल. आजकालच्या बहुतेक सगळ्या लॅपटॉपच्या आणि मोबाइलच्या चार्जरवर हीच ओळ असते. पण "बहुतेक" यावर विसंबू नये, आपल्या डोळ्यांनी वाचावे.

हे कसे जमते? भिंतीतली वीज पुढे-मागे हेलकावत येते. ठोकळा आधी ती सरळ, एका दिशेची करतो. मग आतला इलेक्ट्रॉनिक भाग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हव्या त्या व्होल्टेजवर आणतो आणि सतत स्वतःवर नजर ठेवतो. वीज जास्त आली तर कमी वेळ चालू, कमी आली तर जास्त वेळ. बाहेर पडतात ते ठरलेले १९ किंवा २० व्होल्टच. हर्ट्झ ५० असो वा ६०, त्याला फरक पडत नाही. हीटिंग पॅडमध्ये असे डोके नसते. मिळेल तेवढ्या विजेने तापायचे, एवढेच त्याला ठाऊक.

म्हणूनच लॅपटॉपसाठी व्होल्टेज बदलणारा महागडा कन्व्हर्टर घ्यायची गरज नसते. फक्त पिनेची सोय पाहायची.

मक्केतली ती रात्र

हे सारे समजून, आम्ही एक "सगळ्या देशांत चालणारे" स्वस्त अॅडॉप्टर बरोबर घेतले. मक्केत हॉटेलच्या खोलीत लावले तर ते सैल बसले. जड चार्जरच्या ओझ्याने खाली झुकायचे, आणि हलले की आतून चर्र आवाज आणि ठिणगी. रिपोर्ट पाठवायला एक रात्र उरली होती, बॅटरी अकरा टक्क्यांवर. शेजारच्या खोलीतले एक गृहस्थ मदतीला आले. म्हणाले, "इतकं काय? वरच्या भोकात पेन घाला, पडदा उघडतो, मग आपली दोन पिन सरळ जाते. आम्ही रोज करतो." त्यांनी खिशातून पेन काढलेही.

मुलगीच पुढे आली. "नको चाचा, तो पडदा मुलांच्या जिवासाठी आहे, आणि यात अर्थिंगही मिळत नाही." त्यांना थोडे वाईट वाटले, पण पेन खिशात गेले.

इशाच्या नमाजनंतर आम्ही खालच्या गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार केरळचा. त्याने ठोकळा हातात घेतला, उलटा करून वाचला, ठोकळ्यात घुसणारी वायर उपसून काढली आणि हसून म्हणाला, "डब्बा वही रहेगा, सिर्फ वायर बदलो." तीच तीन कप्प्यांच्या तोंडाची वायर, पण दुसऱ्या टोकाला चौकोनी पिनांचा, फ्यूजचा प्लग. पंधरा रियाल. खोलीवर येऊन लावली, घट्ट बसली, ना ठिणगी ना आवाज. रात्री एकच्या सुमारास रिपोर्ट गेला. फज्रला हरममध्ये आम्ही शुक्राचे दोन शब्द जास्त बोललो.

तेव्हापासून आमचा पहिला सल्ला हाच. चार्जरची वायर ठोकळ्यातून निघत असेल, तर अॅडॉप्टरपेक्षा त्या देशाच्या प्लगची वायर घ्यावी. मधला एक सैल सांधा कमी होतो आणि अर्थिंग थेट मिळते. धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर ती बहुधा अर्थिंग मिळत नसल्याची खूण असते. अॅडॉप्टरच घ्यायचे झाले तर ते तीन पिनांचे, अर्थिंग असलेले आणि त्या एका देशाचे घ्यावे.

थोडी काळजी

किटली, इस्त्री, केस वाळवायचे यंत्र, शेगडी अशा तापणाऱ्या वस्तू प्रवासी अॅडॉप्टरवर लावू नयेत. ते इतक्या भारासाठी नसते, वितळते. एका बोर्डावर किटली आणि चार चार्जर असा प्रकारही नको. चार्जर गादीवर किंवा उशीखाली ठेवू नये, त्याला हवा लागते. चार्जर बिघडला आणि दुसरा घ्यायची वेळ आली, तर ठोकळ्यावर आउटपुटपुढे लिहिलेले व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पॉवर बँक विमानात सामानाच्या बॅगेत टाकू नये, हातातल्या बॅगेत ठेवावी.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, एवढ्याशा वायरीसाठी एवढा विचार? पण यात्रेतली खोली एकट्याची नसते. १५ एप्रिल १९९७ रोजी मिनात लागलेल्या आगीत अधिकृत आकड्यानुसार ३४३ हाजी दगावले. ती आग स्वयंपाकाच्या गॅसमुळे लागली होती, आणि त्यानंतर तिथे आग सहज न पकडणारे तंबू आले. विजेची ठिणगीही शेजारी कोण झोपले आहे ते पाहत नाही. रात्री झोपण्याआधी दिवे विझवावेत, ही शिकवण आपल्या नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी दिली. त्या काळी तेलाचा दिवा होता, आज किटली आणि चार्जर आहे. बटण बंद करून झोपणे हेही त्याच शिकवणीत येते, असे आम्ही मानतो.

परत आल्यावर चुलतभावाचा फोन आला. पुढच्या खेपेला अम्मींसाठी काय आणू, असे त्याने विचारले. अम्मींनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "काहीही आण बेटा, पण आधी मागे काय लिहिलंय ते मला वाचून दाखव."