एखाद मिलिमीटरचा चिरा

इंदूरच्या लालबाग राजवाड्यातली झुंबरं बघताना अफू कुणाला आठवत नाही. पण 1921 मध्ये हा वाडा पुरा झाला, त्याआधीचं जवळजवळ शतकभर इंदूर ही माळव्यातल्या अफूची मोठी पेठ होती. इंग्रजांची अफू एजन्सी इथेच. जकात भरायची, परवाना घ्यायचा, पेट्या मुंबईला आणि तिथून चीनला. होळकरांच्या खजिन्यातही या पिकाचा पैसा पडत होता. पेठ कधीच उठली. पीक मंदसौर-नीमचकडे सरकारी पट्ट्यावर, म्हणजे परवान्यावर, अजून उभं आहे.

फेब्रुवारीअखेर मंदसौरजवळच्या एका शेतात गेलो. पाकळ्या गळून हिरवे डोडे ताठ उभे होते. वरून जाळी, कारण पोपटांनाही डोड्याची चटक लागते. दुपार कलली आणि चिराई सुरू झाली. हातातल्या छोट्या अवजाराला बारीक पाती शेजारी शेजारी बसवलेली. डोडा दोन बोटांत धरायचा, एकच ओरखडा. "जोर नाही लावायचा, भैया," घरची बाई म्हणाली. खोल गेलं तर चीक आत बियांवर उतरतो, वरवर राहिलं तर येतच नाही. सगळा खेळ एखाद मिलिमीटरचा. रात्रभर पांढरा चीक पाझरतो, काळपट होतो. ऊन चढायच्या आत तो खरवडून घ्यायचा, ती लुनाई. मग काही दिवसांनी त्याच डोड्यावर पुन्हा चिरा. मधे पाऊस आला की मेहनत धुऊन गेली. त्या वासाने डोकं जड होतं, हे शेतात सगळेच सांगतात.

या चिकातलं मॉर्फिन डोक्यात नेमकं कुठे बसतं, ते 1973 मध्ये कळलं: मेंदूच्या पेशींवर त्याला धरून ठेवणारे ग्राहक सापडले. दोनच वर्षांनी ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी मेंदू स्वतःच बनवतो ते तसलं द्रव्य, एन्केफॅलिन, शोधलं. मॉर्फिन मज्जारज्जूत वेदनेचा निरोप अडवतं. सुख मात्र ते आडवाटेने देतं. डोपामिन सोडणाऱ्या पेशींना एरवी दुसऱ्या पेशी लगाम घालून असतात. मॉर्फिन त्या लगाम धरणाऱ्यांनाच गप्प करतं. मला जास्त भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची. मेंदूच्या देठात श्वासाची लय राखणाऱ्या पेशींवरही हेच ग्राहक आहेत. नशेला शरीर लवकर सरावतं, श्वास मंदावण्याला तितक्या लवकर नाही. म्हणून तेवढ्याच सुखासाठी डोस वाढवत नेणारा माणूस झोपेत जातो.

शेतकऱ्याचा हिशेब वेगळा. गेल्या काही हंगामांत चिराईचा पट्टा टिकवायला हेक्टरी सरासरी 4.2 किलो मॉर्फिन द्यावं लागतं; चीक पातळ की घट्ट, ते डोळ्यांना कळतं, मॉर्फिन नाही. ज्यांचं कमी भरतं, त्यांना बिनचिऱ्याचा पट्टा: डोडे तसेच वाळवून सरकारला द्यायचे, अर्क कारखान्यात निघतो. बाईच्या पुतण्याकडे तसला पट्टा आहे. हंगामात तो दुपारी तिच्याच शेतावर चिराईला येतो, मजुरीने.