वाफनळीची निगा

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या शहरांतील मध्यमवर्गाला एस्प्रेसो कॉफीचा प्रथम परिचय झाला तो मंगल कार्यालयांच्या आवारात मांडलेल्या त्या उभ्या, चकचकीत यंत्रापाशी, ज्याच्या तळाशी गॅसची शेगडी फुरफुरत असे, अंगावर दाबमापकाची तबकडी असे आणि ज्याच्या कुशीतून निघालेली धातूची नळी दूध, साखर व कॉफीची पूड घातलेल्या मगात बुडताच साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असा फूत्कार करीत असे. त्या पेयाला इटालियन माणूस एस्प्रेसो म्हणणार नाही, कारण दळलेल्या कॉफीतून दाबाखाली पाणी पाठविण्याची क्रिया तेथे मुळीच घडत नाही; वाफेने दूध तापविणे आणि फेसाळविणे, एवढाच काय तो त्या यंत्राचा व्यवसाय. परंतु आता घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींतून आणि डोंबिवलीच्या जुन्या सोसायट्यांतूनही स्वयंपाकघराच्या ओट्यावर खरीखुरी एस्प्रेसो यंत्रे विराजमान होऊ लागली आहेत, आणि त्या यंत्रांचा जो अवयव मालकाच्या हयगयीची शिक्षा सर्वांत आधी देतो तो हीच वाफनळी होय. विक्रेते तिला स्टीम वँड म्हणतात.

कॉफी काढण्याचा वाफेचा मूळ अधिकार गेला आणि या नळीतून चालणारे दुधाचे खाते तेवढे तिच्याकडे उरले. ट्युरिनच्या आंजेलो मोरिओन्दोने 1884 साली वाफेच्या बळावर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, मिलानच्या लुईजी बेझ्झेराने 1901 साली आपले यंत्र नोंदविले, आणि त्याचे हक्क विकत घेऊन देसिदेरियो पाव्होनीने ते बाजारात आणले. या साऱ्या रचनांत कॉफीतून पाणी ढकलण्याचे काम बॉयलरमधील वाफेचा दाबच करीत असे, आणि तो दाब फार तर दीड-दोन बारपर्यंत जाई. पुढे अकीले गाज्जाने दुसऱ्या महायुद्धानंतर तरफ आणि पिस्टन यांच्या योगाने तो कितीतरी पटींनी वाढविला, 1961च्या फाएमा ‘ई-61’ या यंत्राने त्या कामी विजेचा पंप आणला, आणि कॉफी काढण्याच्या जबाबदारीतून वाफ कायमची मुक्त झाली. आज घरगुती यंत्रातील वाफ सुमारे एक ते दीड बार दाबाची, म्हणजे 120 ते 127 अंश सेल्सिअस तपमानाची असते, आणि टोकाच्या बोंडीवरील मिलिमीटरभर रुंदीच्या एक ते चार छिद्रांतून ती दुधात शिरते.

नळी तुंबण्याचे कारण बाहेरून चिकटलेले दूध असे बहुतेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान 1600 पटींहून अधिक वाढते, आणि झडप बंद होताच नळीत कोंडलेली वाफ थंड होऊन पुन्हा पाण्याच्या चार थेंबांत सामावली की नळीच्या पोटात निर्वात पोकळी निर्माण होते. थॉमस न्यूकोमेनने 1712 साली खाणींतील पाणी उपसणारे जे इंजिन उभारले ते याच पोकळीच्या शक्तीवर चालत असे. येथे ती शक्ती टोक ज्यात बुडाले आहे ते दूध वर खेचून घेते. हे दूध कोणास दिसत नाही, फडक्याने पुसता येत नाही, आणि तप्त धातूच्या आतल्या अंगाला लागून तेथेच करपते. झडपेचे मिटणे सदोष असेल आणि बॉयलर थंड होत असेल, तर ते थेट बॉयलरपर्यंतही जाऊ शकते, आणि मग यंत्रातून जी दुर्गंधी येऊ लागते तिचा उगम शोधता शोधता माणूस हैराण होतो.

म्हणून या यंत्राची खरी निगा दूध फेसाळून झाल्यानंतरच्या पाचदहा सेकंदांत असते, असे माझे ठाम मत आहे. भांडे बाजूला होताच ओल्या फडक्याने नळी पुसावी आणि लगेच क्षणभर वाफ सोडून आत खेचले गेलेले दूध बाहेर उडवून द्यावे. दूध तापविण्यापूर्वीही असेच एकदा करावे, म्हणजे आत साचलेले पाणी दुधात उतरत नाही. फडके या एकाच कामासाठी राखून ठेवावे व रोज धुवावे. ज्या यंत्रांत त्याच नळीतून गरम पाणीही येते, तेथे शेवटी थोडे पाणी वाहू दिले तर आतील अंग आपोआप विसळले जाते. आपल्याकडे ही दक्षता अधिक हवी, कारण फुल क्रीम पिशवीतील दुधात स्निग्धांश किमान 6 टक्के असतो, टोन्ड दुधात 3 टक्के. आणि म्हशीचे दूध प्रथिनांनी व कॅल्शियमनेही अधिक भरलेले असल्याने त्याचा थर लवकर धरतो व कठीण बसतो.

इतके करूनही नळी तुंबलीच, तर घाई हा पहिला शत्रू समजावा. पूर्ण तुंबलेल्या नळीमागे बॉयलरचा दाब तसाच दबा धरून बसलेला असतो. झडप उघडली तरी तो बाहेर पडू शकत नाही. म्हणून यंत्राची वीज बंद करून ते संपूर्ण निवेपर्यंत बोंडीला हात लावू नये. निवल्यावर बोंडी फिरवून काढावी, नळीचे उघडे टोक एखाद्या खोल भांड्यात धरून यंत्र पुन्हा सुरू करावे आणि हात दूर ठेवून गरम पाणी किंवा वाफ सोडून पाहावी. धार मोकळी आली तर गुन्हेगार बोंडी. न आली तर अडथळा नळीत किंवा झडपेत आहे. ही चौकशी पाच मिनिटांची असली तरी पुढील तासाभराचे श्रम वाचविते.

बोंडीची छिद्रे साफ करण्याची युक्ती रॉकेलच्या स्टोवर ज्यांनी संसार केला त्यांना शिकवायला नको. स्टोचे निपल जसे पिनेने मोकळे करीत, तशीच ही क्रिया आहे. मात्र पीन बोंडी नळीवर असताना आत खुपसू नये, कारण मग करपलेल्या दुधाची खपली नळीत ढकलली जाते आणि पुढल्या वेळी वाफेबरोबर परत येऊन त्याच छिद्रात अडकते. बोंडी सुटी करून बाहेरून आत टोचावे, म्हणजे मळ मागच्या रुंद तोंडातून गळून पडतो. जाड सुई वापरून छिद्र मोठे करू नये. त्याने वाफेची धार बिघडते आणि फेस बारीक न येता बुडबुड्यांचा येतो. ज्या नळ्या हाताला चटका न देणाऱ्या म्हणून विकल्या जातात त्यांच्या पोटात टेफ्लॉनची आतील नळी असते; तीत तार घालणे म्हणजे दुरुस्तीचा खर्च ओढवून घेणे. स्वस्त यंत्रांत नळीवर एक प्लास्टिकची किंवा पोलादाची बाही चढविलेली असते. तिच्यावरील हवेचे बारीक छिद्र बुजले तर वाफ पूर्ण जोराने येते, दूध तापते, पण फेस मात्र धरत नाही, आणि माणूस दुधाला दोष देत बसतो.

आता औषधाचा प्रश्न. घरोघरी पहिली धाव व्हिनेगरकडे किंवा लिंबूफुलाकडे असते, आणि तेथेच चुकते. आम्लाने दूध नासते. नळीत चिकटलेल्या दुधावर आम्ल ओतले की त्यातील केसिन अधिकच घट्ट होते. दुग्धशाळांत नळ्या धुण्याचा शिरस्ता आधी अल्क, मागून आम्ल असा आहे, आणि तोच येथेही पाळावा. बोंडी प्रथम भांडी घासण्याच्या साबणाच्या किंवा दुधाचा थर काढण्यासाठी मिळणाऱ्या अल्कधर्मी द्रावणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवावी, चांगली धुवावी, आणि त्यानंतरही जो पांढरट, दगडासारखा थर उरेल त्यालाच लिंबूफुलाचे पाणी दाखवावे. सबंध नळी भांड्यात भिजत ठेवायची असेल तर यंत्र आधीच थंड झालेले असावे आणि झडप घट्ट मिटलेली असावी. नाहीतर साबणाचे पाणी दुधाच्याच वाटेने बॉयलरात जाईल.

पांढरा थर बहुधा पाण्यातून येतो, आणि येथे गावाचा भूगोल आड येतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून आगीनगाडी ठाण्यास आली व 1854 साली कल्याणास पोहोचली. त्या इंजिनांच्या काळात बॉयलरमधील क्षारांची पुटे धुऊन काढण्यासाठी लोको शेडमध्ये ठराविक मुदतीने ‘वॉशआऊट’ करावा लागे. ओट्यावरील चिमुकल्या बॉयलरचाही रोग तोच आहे. उल्हास नदीचे, बारवी किंवा भातसा धरणाचे पाणी पावसाळी पाणलोटाचे असल्याने त्यात क्षार बेताचे असतात. पण उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी पडू लागले की हिशेब बदलतो. किटलीच्या तळाशी पांढरे पूट दिसू लागणे हा यंत्राच्या आतील परिस्थितीचा पुरेसा दाखला समजावा. यावर तोड म्हणून निव्वळ आरओचे पाणी भरण्याची पद्धत पडत आहे, तीही सर्वत्र योग्य नाही. काही यंत्रांतील पातळी दाखविणारी शलाका पाण्यातील क्षारांमुळेच विजेचा संकेत देऊ शकते, आणि अतिशुद्ध पाणी धातूला झिजवितेही. तेव्हा दोन्ही पाण्यांचे मिश्रण करणे बरे.

क्षार काढण्याचे द्रावण यंत्रात फिरविताना ते कॉफीच्या वाटेने सोडून थांबू नये. झडप उघडून थोडे वाफनळीतूनही वाहू द्यावे. अॅल्युमिनियमचा बॉयलर असेल तर द्रावण सौम्य असावे, ते फार वेळ आत ठेवू नये, आणि कारखानदाराच्या पुस्तिकेतील प्रमाण ओलांडू नये. मग टाकी स्वच्छ पाण्याने भरून दोन्ही वाटांनी किमान दोनदा रिकामी करावी, आणि नळीतून आलेले पाणी जिभेला आंबट लागेनासे झाल्यावरच तिच्याखाली दुधाचे भांडे धरावे.